दारं मिटायचा आवाज

दिवा जरा अलीकडे घ्या, आणि ते मागच्या अंगणाचं दार लोटा. कडी नको. नुसतं लोटा.

एका गल्लीच्या टोकाला एक घर होतं. घरात एक म्हातारा होता, तो काळजं बनवायचा. एक म्हातारी होती, ती त्याला नावं ठेवायची. त्यांना एक लेक होता, लेकाला बायको होती, आणि त्या दोघांना एक पोर होती, तिला सगळे भिंगरी म्हणत. एवढीच माणसं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यातली सून म्हणजे मी.

काळजं म्हणजे रबराची हो. डॉक्टरकीच्या कॉलेजात, शाळांमधून मुलांना दाखवायला लागतात ती. माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या मावशीने आईला कोपऱ्यात घेऊन विचारलं होतं, "काळजाचा धंदा म्हणजे खाटीक की काय गं?" आई म्हणाली, "खाटीक परवडले. त्यांचं काळीज निदान शिजतं तरी."

मागची खोली कामाची. तिला खिडकी नव्हती, मुद्दामच ठेवली नव्हती. उन्हाने रबराला भेगा पडतात. त्यामुळे बाहेर डोळे दिपवणारं ऊन असलं तरी आत पाऊल टाकलं की काळोख, आणि त्या काळोखाला वास. चिकटवायच्या सोल्युशनचा डोक्यात जाणारा वास, रबर रबराला चिकटू नये म्हणून भुरभुरायच्या पांढऱ्या शंखजिऱ्याचा कोरडा वास, आणि मामंजींच्या गालात कायम असायची त्या लवंगेचा. मामंजी म्हणजे माझे सासरे. तिथे एका दिव्याखाली ते तिपाईवर बसायचे आणि रबराचे पातळ थर एकावर एक लावत काळीज उभं करायचे. पुढून काच, आतलं दिसायला. वरून नळ्या. खाली मुठीत मावेल असा रबरी फुगा. तो दाबला की आतलं पाणी फिरायचं, अर्ध्या बाजूचं लाल, अर्ध्या बाजूचं निळं.

मी शाळेची पायरी चढलेली नाही. पण काळीज मी त्या तिपाईजवळ उभी राहून शिकले, ते अजून पाठ आहे.

मामंजी म्हणायचे, "सूनबाई, हे चार खोल्यांचं घर आहे. वर दोन, खाली दोन. उभी भिंत मधोमध. भिंतीला दार नाही, हे पहिलं लक्षात ठेव. अंगभर फिरून दमलेलं, काळपटलेलं रक्त उजवीकडे वरच्या खोलीत येतं. तिथून खाली. खालची खोली ते फुफ्फुसांकडे ढकलते. तिथे ते हवा खातं, लाल होतं, आणि डावीकडच्या वरच्या खोलीत परत येतं. पुन्हा खाली. आणि डावी खालची खोली त्याला ढकलते ती थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत. म्हणून तिची भिंत बघ किती जाड केली आहे. घरात जिला लांबचं पाणी आणावं लागतं तिचेच दंड भरतात."

रबरी काळजात पाणी काही हवा खाऊन लाल होत नाही. म्हणून निळ्याचा फेरा वेगळा ठेवायचा आणि लालचा वेगळा. बघणाऱ्याने ते मनात जोडून घ्यायचं.

"आणि सगळ्यात आधी रक्त कुणाला मिळतं?" सासूबाई दारातून विचारायच्या. हे त्यांचं ठरलेलं.

"खुद्द काळजाला. डावीकडून बाहेर पडल्या पडल्या दोन बारीक वाटा फुटतात, त्या त्याच्याच अंगावर पसरतात."

"बघ गं. सगळ्यांना वाढणारीने आधी स्वतः दोन घास खावेत, हे देवाला कळतं. या घरात कळत नाही."

खोल्यांना दारं होती, पातळ चामड्याच्या पापुद्र्याची. एकाच बाजूला उघडणारी. रक्त पुढे गेलं की ती मागे मिटतात, परत यायला वाट नाही. मी एकदा फुगा दाबून पाहिला आणि कान लावला. आतून आलं, धप्‌... टप्‌. मी म्हटलं, "धडधडतंय की." मामंजी हसले. "धडधड म्हणजे काय वाटलं तुला? ती दारं मिटतात त्याचा आवाज आहे तो. तुझ्या छातीतही तेच. जन्मभर माणूस आपलीच दारं मिटताना ऐकत असतो."

त्या वेळी मी फुगा दाबला तो कसा, तेही सांगून ठेवते. दोनदा पटपट, मग उसंत. पुन्हा दोनदा, मग उसंत. मामंजी म्हणाले, "अगं, कणीक मळतेस की काय?" आणि खरंच, माझा हात कणीक तशीच मळतो, दोन दाब आणि एक उसंत. सासूबाईंना ते सहसा हात लावू देत नसत. त्यांचा चष्मा नाकावरून घसरायचा. बऱ्या चालल्या असायच्या आणि मधेच मनगटाने चष्मा वर ढकलायला थांबायच्या. एक ठोका गेला. "हिच्या हाती काळीज दिलं तर माणूस दर थोड्या वेळाने मरेल," मामंजी म्हणायचे.

आता या घराची एक रीत होती. काळीज तयार झालं की बाहेर धाडण्याआधी त्याला ताल द्यायचा. बनवणाऱ्याने उजव्या मुठीत फुगा घ्यायचा, डाव्या हाताने घरातल्या एखाद्याचं मनगट धरायचं, आणि त्या नाडीबरोबर फुगा दाबायचा. काळीज नीट चालू लागलं की आधी फुगा थांबवायचा, मग मनगट सोडायचं. उलटं कधी नाही.

"उलटं झालं तर?" मी विचारलं होतं.

"माझ्या वडिलांनी सांगितलं तसं मी करतो. उलटं अजून झालेलं नाही," मामंजी म्हणाले, आणि लवंग या गालातून त्या गालात केली.

आता भिंगरीचं सांगते. नाव भिंगरी, कारण जन्मली तेव्हा हातपाय एवढे झाडत होती की सुईणीला धरवेना. पण चालू-पळू लागली तसं दिसायला लागलं. चार पावलं पळायची आणि उकिडवी बसायची. गुडघे पोटाशी घेऊन, मान खाली घालून. बाकीची पोरं पुढे निघून जायची. पुन्हा उठायची, पुन्हा बसायची. मला वाटायचं, खेळ असेल तिचा. मग ओठ दिसू लागले. जांभळं खाल्ल्यासारखे ओठ, आणि नखंही तशीच.

मामंजी तिला मांडीवर घेऊन मनगट धरून बसायचे, खूप वेळ. पोरीला रडू देत नसत.

डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं, मग फोटो काढून आणायला लावला, मग पुन्हा ऐकलं. म्हणाले, "मधल्या भिंतीला भोक आहे. निळं रक्त लालमध्ये मिसळतंय."

ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने विचारलं, "बुजवता येतं?"

"बाहेर एका ठिकाणी करतात. एवढ्या लहान पोरीला टेबलावर घेतील असं वाटत नाही. थोडी मोठी होऊ दे."

"आणि मोठी होईपर्यंत?"

डॉक्टरांनी नळीची गुंडाळी केली. "जपा," म्हणाले.

त्या दिवसापासून घरातला गलका गेला. सासूबाईंनी नवऱ्याला नावं ठेवणं सोडलं, त्यानेच मला जास्त भीती वाटू लागली.

त्याच सुमाराला कॉलेजच्या सरांनी लहान मुलाच्या मापाचं काळीज मागवलं. मामंजींनी ते घेतलं करायला, आणि असं काळीज त्यांनी कधी केलं नव्हतं. एक थर लावायचे आणि दिवसभर वाळू द्यायचे. मधली भिंत तर त्यांनी तीनदा उचकटून पुन्हा लावली. हे म्हणाले, "बाबा, सर वाट बघत आहेत." मामंजी म्हणाले, "बघू देत. भिंत सलग झाली पाहिजे."

झालं एकदाचं. त्या दुपारी त्यांनी भिंगरीला हाक मारली. पोराचं काळीज, पोराच्याच नाडीचा ताल हवा. ती तिपाईशेजारी पाटावर बसली. मी बाहेर धुणं वाळत घालत होते. बराच वेळ आतून ऐकू येत होतं, धप्‌ टप्‌, धप्‌ टप्‌, पाखरासारखं भराभर. मग भिंगरी दारात आली. ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून हात धरलेला.

"आई, आजोबांनी माझा हात सोडला."

"मग झालं असेल काम."

"नाही. अजून दाबतायत."

मी आत गेले. मामंजी तिपाईवर बसल्या जागी भिंतीला टेकले होते. डोळे उघडे. डावा हात खाली लोंबत होता. उजव्या मुठीत फुगा होता, आणि मी पाहिलं तेव्हा फुगा हलत नव्हता. ते गेलेले होते. हात धरून बघितला तर गार. आत्ता गेलेल्या माणसाचा हात एवढा गार नसतो. मूठ सोडवायला आम्हाला एकेक बोट उचलावं लागलं.

भिंगरीला मी विचारलं, "बाळा, आजोबांनी हात कधी सोडला?"

"मघाशीच. मी बसून राहिले. छान वाटत होतं. दम लागत नव्हता."

मामंजींना पोचवून सगळे परतले, आली-गेली माणसं पांगली, आणि ती खोली बंद राहिली. काही दिवस मला कशाची शुद्ध नव्हती. मग एका दुपारी, घर निजलेलं असताना, मी भांडी आवरत होते. गल्ली एकदम गप्प झाली, पाखरू बोलेना. आणि मागून आलं.

धप्‌... टप्‌.

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. पुन्हा आलं. मला वाटलं, नळ गळतोय. नळ कोरडा होता. मग मी त्या दाराशी गेले, कान लावला, आणि दार ढकललं.

आत सोल्युशनचा वास होता, शंखजिऱ्याचा होता. आणि लवंगेचा ताजा वास. काळीज फळीवर ठेवलं होतं तिथेच होतं. मी काडी ओढून दिवा लावला. फुगा हलत होता. आत जायचा, बाहेर यायचा. आणि तो आत जायचा तेव्हा त्याच्यावर खळगे पडायचे, एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला एक. बोटांचे असतात तसे. बोटं नव्हती.

मी काचेतून आत पाहिलं. लाल पाणी लाल नव्हतं. डावीकडे सगळं जांभळं झालं होतं. त्या भिंतीला भोक नव्हतं हो... मी स्वतः हात फिरवला होता त्या भिंतीवर.

धावत पोरीकडे गेले. ती निजली होती. छातीला कान लावला. तिच्या छातीतलं आणि मागच्या खोलीतलं, एकाच वेळी मिटत होतं. एकही पुढे-मागे नाही.

मी वळले तर सासूबाई उभ्या होत्या.

"पाहिलंस," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. मी रोज दुपारी दाराबाहेर बसते." चष्मा वर ढकलला त्यांनी. "मनगट आधी सुटलं गं. फुगा राहून गेला. आता त्यांना थांबता येत नाहीये."

ह्यांना सांगितलं तर ह्यांनी ऐकून घेतलं नाही. "तुम्ही दोघी दिवसभर घरात कोंडून असता," म्हणाले. कॉलेजचे सर दुसऱ्या दिवशी काळीज न्यायला येणार होते. पाणी काढून ते पेटीत भरायला हे आत गेले. मी बाहेर भिंगरीला मांडीवर घेऊन भात भरवत होते. आतून ह्यांचा आवाज आला, "फुग्यात हवा राहिली आहे, म्हणून हलतोय. थांब, दाबून धरतो."

भिंगरीच्या तोंडातला घास तसाच राहिला. डोळे वर गेले. मी तिला हलवलं. ओठ निळे होते ते काळे झाले, आणि छातीखाली... काही नाही. दारं मिटायचा आवाजच नाही.

"सोडा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "हातात आहे ते सोडा."

आत काहीतरी पडलं. पोरीने श्वास ओढला, अख्ख्या अंगाने ओढला, आणि रडायला लागली. हे दारात आले. भिंतीला धरून उभे राहिले, उजवा हात पुढे करून. हाताच्या पाठीवर पाच वळ उठले होते, चार आणि एक. ह्यांची मूठ वरून कुणीतरी धरून उघडली होती.

ह्यांनी सरांना दुसरं काळीज करून दिलं. खोलीबद्दल पुन्हा कुणी शहाणपण केलं नाही.

पण मेलेला माणूससुद्धा थकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आवाज मंदावू लागला. आधी पाखरासारखा होता, मग गाडी चढ चढते तसा. फुग्यावरचे खळगे उथळ पडायला लागले. कधी दोनच उमटायचे, कधी अंगठाच नसायचा. पोरीला बसवेना. जेवण गेलं, बोलणं गेलं. डोळे तेवढे माझ्यामागे फिरायचे. डॉक्टर येऊन गेले. या वेळी "जपा" सुद्धा म्हणाले नाहीत.

त्या संध्याकाळी मी दिवा लावायला उठले तर मागच्या खोलीचं दार उघडं होतं. सासूबाई आत उभ्या होत्या. हातात मामंजींची रबर कापायची कात्री. फुग्याची नळी त्यांनी चिमटीत धरली होती.

मी उंबऱ्यात थांबले. "काय करताय?"

"सोडवतेय त्यांना."

"आणि माझी पोर?"

"ऐक जरा." कात्री हलली नाही. "ऐकू येतंय ना? कण्हतायत ते. जन्मभर या तिपाईवर बसून पाठ मोडली माणसाची. मेल्यावर तरी सुटका नको? तू ऐकलं नाहीस त्यांना असं कण्हताना. मी ऐकलंय. शेवटचं आजारपण त्यांना मिळालंच नाही, ते आता चाललंय."

खरंच, आवाज येत होता. दोन ठोक्यांच्या मधे, हळू, दातांतून सोडलेल्या श्वासासारखा.

"तुमचा नवरा गेलेला आहे," मी म्हटलं. "माझी पोर अजून आहे."

"मला ठाऊक आहे."

"मग नळी सोडा."

"आज नाही कापली तर उद्या ते आपसूक थांबतील. तेव्हा तू काय करशील? ते कण्हत कण्हत जातील, आणि ती जाईल ती जाईलच."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. बाहेर उजेड गेला. फुगा हलायचा, थांबायचा. थांबला की आम्ही दोघी श्वास धरायचो. मग पुन्हा एक खळगा, कसाबसा.

मग सासूबाईंनी कात्री खाली ठेवली. तिपाई ओढली. चष्मा नाकावर नीट बसवला. आणि मी जन्मात ऐकला नव्हता अशा मऊ आवाजात त्या म्हणाल्या,

"सरका. हात दुखला असेल... द्या इकडे."

मी पाहत होते. त्यांनी मूठ फुग्याखाली नेली. खळगे होते तिथेच राहिले, जरा वेळ. मग एकेक करून पुसले गेले. करंगळी आधी, अंगठा शेवटी. त्यांची बोटं त्याच जागी बसली.

धप्‌... टप्‌.

भरदार आवाज आला. खोलीतला लवंगेचा वास एखाद्याने दार उघडून बाहेर जावं तसा माझ्या अंगावरून गेला, उंबऱ्यावरून, अंगणात. केस हलले माझे.

"दिवा आण," त्या म्हणाल्या.

मी दिवा काचेशी धरला. आतलं पाणी जांभळं होतं. ते फाटू लागलं. दुधातलं पाणी वेगळं होत नाही, मिसळलेला रंग परत उलगडत नाही, हे मला शाळेशिवायही कळतं. पण ते उलगडत होतं. निळं उजवीकडे ओढलं जात होतं, धाग्याधाग्याने, आणि डावीकडे लाल उजळत होतं. मधल्या भिंतीशी काहीतरी बारीकसं बुडबुडलं, आणि मग तिथून काही येईना.

सासूबाई दाबत होत्या. मधेच मनगटाने चष्मा वर करायच्या. एक ठोका जायचा. पुन्हा दाबायच्या.

"तू पोरीकडे जा," त्या म्हणाल्या. "आणि दार ओढून घे. वारा नको मला."

भिंगरी उठून बसली होती. "भूक लागली," म्हणाली. मी दिवा तिच्या तोंडाशी धरला. ओठ बघितले. पुन्हा बघितले. मग ह्यांना हाक मारली, आणि आम्ही दोघं वेड्यासारखे तिची नखं बघत बसलो.

सासूबाईंना जेवायला बोलवायला गेले तेव्हा त्या तिपाईवर होत्या. मान खाली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. उजवा हात मांडीवर पडलेला, उघडा. डावा हात मात्र जरा वर धरलेला, कुणाचं तरी मनगट धरल्यासारखा. फुगा फळीखाली लोंबत होता आणि आपला चालला होता. धप्‌ टप्‌, धप्‌ टप्‌, धप्‌ टप्‌... आणि मधेच एक उसंत. चष्मा वर करायला लागते तेवढी.

डॉक्टरांनी पुढे पोरीला तपासलं. नळी लावली, काढली, पुसली, पुन्हा लावली. "भोक बुजलंय," म्हणाले. "कधी कधी आपोआप बुजतं. नशीब तुमचं." मग कान देऊन म्हणाले, "अधूनमधून एक ठोका चुकतोय. अनेकांचा चुकतो. काळजी करू नका."

आम्ही नाही केली.

ते दिवस गेले आणि घराला बरकत आली. ह्यांनी शेजारची जागा घेऊन तिथे कामाची नवी खोली केली. तुमचा बाप झाला, काका झाला. भिंगरी, तुमची आत्या, जिला चार पावलं पळवत नव्हतं ती जिने चढून नोकरीला जाऊ लागली. लग्न झालं, लेक झाली. हे सुखाने, झोपेत गेले. जुनी खोली आम्ही ना भाड्याने दिली, ना पाडली. एवढ्या वर्षांत तिथलं पाणी कधीच आटून गेलं असेल. रबर तर पाच-दहा वर्षांत चिरतं, हाताला भुगा लागतो. तिथे आता काही शिल्लक असायचं कारण नाही.

आणि मागच्या महिन्यात भिंगरीच्या लेकीला मुलगी झाली. तुम्ही सगळे पेढ्याबिढ्याच्या गडबडीत होतात, मला कुणीतरी खुर्चीत बसवून पोर मांडीवर दिली. मी सवयीने मनगट धरलं. इवलंसं, काडीएवढं. दोन ठोके पटपट, मग उसंत. पुन्हा दोन, मग उसंत. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ताल जरा वेगळा आहे, पण काळीज ठणठणीत आहे आजी."

कणीक कोण तशी मळतं, ते त्यांना कुठून ठाऊक असणार.

तेव्हापासून मागच्या खोलीतून दोन आवाज येतात. एक चष्म्याचा. दुसरा... आत्ता तुम्ही सगळे गप्प झालात, म्हणून ऐका. ऐकू येतोय ना? आणि मी इथे तुमच्यासमोर बसले आहे, दोन्ही हात मांडीवर ठेवून. सकाळी उठते तेव्हा उजवा तळवा पांढरा असतो. धुते. कोरडा, गुळगुळीत, शंखजिऱ्यासारखा. दार आतून उघडत नाही त्या खोलीचं, आणि बाहेरची किल्ली माझ्या उशाखाली असते.

पण पोर बघितलीत ना तुम्ही? गुलाबी आहे हो. ओठांपासून नखांपर्यंत, सगळी गुलाबी.